हाताने वळलेला चिनी पांढरा चहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटाण्याएवढे मोती किंवा सुपारीएवढ्या, कागदात गुंडाळलेल्या गोळ्या अशा रूपात मिळणाऱ्या चिनी पांढऱ्या चहाबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हा चहा मनापासून आवडणाऱ्या माणसाने उत्तरं लिहिली आहेत, त्यामुळे आवडीनिवडी दिसतीलच.

पांढरा चहा म्हणजे वेगळं झाड असतं का?

नाही. हिरवा, काळा, ऊलाँग, पांढरा हे सगळे एकाच जातीच्या झाडापासून होतात, फरक खुडल्यानंतरच्या कामात असतो. हिरव्या चहाचं पान लगेच कढईत किंवा वाफेवर तापवतात, म्हणजे ते काळं पडत नाही. काळ्या चहाचं पान चुरडून मुद्दाम काळं पडू देतात. पांढऱ्या चहात यातलं काहीच होत नाही. पान बांबूच्या मोठ्या चाळण्यांवर पातळ पसरायचं, ऊन-वाऱ्यात साधारण दीड ते तीन दिवस सुकू द्यायचं आणि शेवटी मंद आचेवर वाळवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण हवा दमट झाली, थर जाड पडला किंवा पानं उगाच चाळवली गेली की तांबूस डाग पडतात आणि माल उतरतो. हात जितका कमी लागेल तितकं चांगलं, असा हा चहा आहे.

त्याचं मूळ घर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचा फूजियान प्रांत, आणि त्यातही फूदिंग आणि झेंगहे हे दोन भाग. फूदिंगला ताइमू डोंगराचा आणि समुद्राचा शेजार आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात फूदिंगच्या पांढऱ्या चहाची कलाही आहे.

पांढऱ्या चहाला हात लावत नाहीत, मग 'हाताने वळलेला' कसा?

शंका रास्त आहे. अस्सल पांढरा चहा बनवताना पान वळत नाहीत. वळणं येतं ते नंतर, चहा पूर्ण तयार झाल्यावर. आणि बाजारात या नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात, त्या आधी वेगळ्या ओळखायला हव्यात.

पहिली म्हणजे गोळी. चिनी व्यापारी तिला 'ड्रॅगनचा मोती' म्हणतात. वाळलेलं पान इतकं ठिसूळ असतं की तसंच दाबलं तर चुरा होईल. म्हणून 5 ते 8 ग्रॅम चहा तोलून एका छोट्या भांड्यात घेतात आणि त्याला काही सेकंद वाफ देतात. पान नरम पडलं की ते सुती फडक्यात ओतायचं, फडक्याची टोकं एकत्र करून पिळायचं, आणि ती गरम पुरचुंडी तळहातांमध्ये फिरवत गोल करायची. इथे सगळं कसब जोर किती लावायचा यात असतं. कमी पडला तर गोळी वाळताना फुटते. जास्त झाला तर आत दगडासारखा गाभा तयार होतो, ओल आतच राहते आणि पुढे तिथे कुबट वास धरतो. गार झाल्यावर फडकं सोडतात, गोळी कमी उष्णतेवर सावकाश वाळवतात आणि एकेक गोळी कागदात गुंडाळतात.

दुसरी वस्तू मोगऱ्याचे मोती. त्यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

तिसरी गोलही नसते. फूदिंगमध्ये 1968 च्या सुमारास 'नव्या पद्धतीचा पांढरा चहा' निघाला. हाँगकाँगच्या बाजारासाठी पान सुकल्यावर हलकं चुरडायची पद्धत त्यात आणली, म्हणजे रंग गडद आणि चव दाट उतरते. डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या छोट्या पदार्थांच्या जेवणाबरोबर तो बरा लागतो. पांढऱ्या चहाची ओळख मात्र त्याच्यापासून करून घेऊ नका.

मोगऱ्याचे मोती हा पांढरा चहाच ना?

बहुतेक वेळा नाही. पाकिटावर काहीही छापलेलं असो, यातले बरेचसे मोती मुळात हिरव्या चहाचे असतात. गैरसमजाला कारणही आहे. 'फूदिंग दा बाय' या ज्या वाणापासून पांढरा चहा होतो, त्याच वाणाच्या लवदार कळ्या मोत्यांसाठी वापरतात, त्यामुळे मोत्यावर चंदेरी रेषा दिसतात. पण पान तापवून हिरवं राखलेलं असतं. ओलसर असतानाच एक-दोन कोंब बोटांनी वळून लहान गोळी करतात, पातळ कागदाच्या चौकोनात घट्ट गुंडाळतात, वाळल्यावर कागद काढतात. खऱ्या पांढऱ्या चहाचे सुगंधी मोतीही निघतात, पण कमी.

सुगंध देण्याची रीत सांगायलाच हवी, कारण ते फूल आपल्या ओळखीचं आहे. आपण गजऱ्यात माळतो तो मोगराच. चहा वसंतात तयार होतो आणि मोगरा उन्हाळ्यात बहरतो, म्हणून तयार मोती काही महिने वाट पाहतात. दुपारी मिटलेल्या कळ्या खुडायच्या, संध्याकाळी त्या उमलू लागल्या की चहात थरांनी मिसळायच्या, आणि रात्रभर चहाला तो वास पिऊ द्यायचा. सकाळी फुलं चाळून काढतात, चहाला सुटलेली ओल वाळवतात आणि नव्या फुलांबरोबर पुन्हा हेच करतात. चांगल्या मालाला असे अनेक फेरे मिळतात. फूजोऊ शहराची ही पद्धत जगप्रसिद्ध आहे. तिथल्या मोगरा-चहाच्या शेतीला 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आज मात्र चीनमधला सर्वाधिक मोगरा ग्वांगशी प्रांतातल्या हेंगजोऊला पिकतो.

म्हणून पाकिटात मोगऱ्याच्या सुकलेल्या पाकळ्या भरपूर दिसल्या तर हुरळून जाऊ नका. फुलाने आपलं काम करून जायचं असतं.

गोळीत कोणता चहा असतो?

फूजियानच्या मालाच्या चार प्रती आहेत. नुसत्या कळ्यांचा तो 'बाय हाओ यिन झेन', म्हणजे चंदेरी सुई. कळी आणि एक-दोन पानं असलेला 'बाय मू दान'. 'गोंग मेई' स्थानिक जुन्या झुडपांच्या लहान कोंबांचा. आणि मोठ्या पानांचा, देठांसकटचा 'शोउ मेई'.

गोळीसाठी मला बाय मू दान आणि शोउ मेई योग्य वाटतात. पान आणि देठ असले की वाफेवर ते छान लवतं, गोळीत हवा राहते, पाणी आत शिरतं. सुया गोळीत दाबणं म्हणजे त्यांचं रूप वाया घालवणं. त्या सुट्याच घ्याव्यात.

'चांदणी पांढरा' किंवा 'मूनलाइट' नावाच्या गोळ्या पण दिसतात. त्या याच का?

त्या चीनच्याच युन्नान प्रांतातल्या, मोठ्या पानांच्या झाडांच्या. पानाची एक बाजू काळपट, दुसरी चंदेरी. चव जास्त गोड, मधाकडे आणि पिकल्या फळाकडे झुकणारी. काळा चहा आवडणाऱ्यांना त्या पटकन भावतात.

पाणी कोणतं वापरायचं?

चहाइतकंच पाणी महत्त्वाचं, कारण झाकायला इथे दूध, साखर, आलं काहीच नसतं. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ आहे, ते साधं गाळून चालतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर चहा गढूळ, मळकट रंगाचा होतो, वर तवंग धरतो आणि मोगऱ्याचा वास तर निम्मा गायब होतो. पण आरओचं अगदी निःसत्त्व पाणीही चहाला सपाट करतं. तुमच्या घरी दोन्ही असतील तर थोडं थोडं मिसळून पाहा. आणि केटलमध्ये सकाळपासून उकळून उकळून निवलेलं पाणी नको, ताजं घ्या.

पाण्याचं तापमान? पांढरा चहा नाजूक असतो, म्हणून कोमट पाणी घ्यायचं असं वाचलंय.

असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं आणि त्यानेच सगळा घोटाळा होतो. पांढऱ्या चहाचं पान चुरडलेलं नसतं, त्याच्या पेशी बऱ्याचशा शाबूत असतात, त्यामुळे ते आपलं सत्त्व सहज सोडत नाही. त्यात ते गोळीत दाबलेलं. 70 अंशांच्या पाण्यात गोळी नुसती भिजत पडते. गोळीला उकळून नुकतंच खाली उतरवलेलं पाणी द्या, 95 अंश किंवा वर. सुट्या सुयांना 85 ते 90. मोगऱ्याच्या हिरव्या मोत्यांना मात्र 80 ते 85, नाहीतर कडवट होतात.

थर्मामीटर लागत नाही. उकळतं पाणी एका गार भांड्यात ओतलं की सात-आठ अंश उतरतं. आणखी एकदा ओतलं की मोत्यांसाठी तयार. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, तिथे गोळीसाठी थेट उकळतं पाणीच ओता.

गायवान नसेल तर?

गायवान म्हणजे झाकण आणि बशी असलेली पातळ चिनी मातीची वाटी, साधारण 120-150 मिलीची. ती असली तर उत्तम. नसली तर झाकण ठेवता येईल अशी कोणतीही काचेची किंवा चिनी मातीची वाटी आणि बारीक जाळीचं गाळणं पुरतं. फक्त जे गाळणं रोज आल्याच्या, मसाल्याच्या चहाला वापरता ते नको. त्यातला वास कितीही घासलं तरी जात नाही.

गोळीचा चहा कसा करायचा? नीट क्रमाने सांगा.

वाटी गरम पाण्याने विसळून घ्या. कागद काढून गोळी त्या गरम, रिकाम्या वाटीत टाका, झाकण लावा, हलकेच हलवा आणि झाकण उचलून वास घ्या. कोरड्या चहाचा सगळ्यात खरा वास याच क्षणी येतो.

मग गोळी बुडेल इतकं उकळतं पाणी ओता आणि दहा सेकंदांत ते फेकून द्या. आता पाणी न घालता झाकण लावून एक मिनिट थांबा. आत कोंडलेली वाफ गोळीत शिरते आणि तिची पकड सैल करते. हे एक मिनिट बहुतेक लोक गाळतात, आणि मग पहिले दोन कप पाणचट होतात.

पुन्हा पाणी भरा. पहिला काढा, म्हणजे एकदा पाणी भरून गाळलेला चहा, 30 ते 40 सेकंदांचा. या वेळी गोळीकडे बघा: वरचं एखादं पान कडेने सुटतं, त्याच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची रांग वर येते, देठ हळूच बाहेर डोकावतो, पण मधला गाभा तसाच घट्ट आणि कोरडा असतो. दुसऱ्या काढ्याला 20-25 सेकंद. तिसऱ्या-चौथ्याला गोळी मोकळी होते आणि सगळी पानं एकदम पाण्याला भिडतात. तिथे वेळ कमी करा, 10-15 सेकंद पुरेत. सुट्या चहात वेळ हळूहळू वाढवत नेतात, गोळीत मात्र मध्ये एकदा आखडती घ्यावी लागते. पाचव्यापासून पुढे दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवा. चांगली गोळी सात-आठ काढे सहज देते.

दरवेळी चहा पूर्ण गाळून घ्या, पान पाण्यात ठेवू नका.

एवढा वेळ नसतो. ऑफिसात काय करू?

अर्धा लिटरचा थर्मास, एक गोळी, उकळतं पाणी, पाऊण तास. शोउ मेईची गोळी यासाठीच बनली आहे असं वाटावं इतकी छान उतरते.

गोळी उघडतच नाही. चमच्याने फोडू का?

नको. ओली गोळी फोडली की पानं चुरगळतात आणि चहा गढूळ होतो. झाकण लावून आणखी एक मिनिट वाफेत ठेवा. चौथ्या काढ्यानंतरही गाभा दगडासारखा असेल तर ती गोळी जास्त दाबलेली आहे. ती पातेल्यात टाकून मंद उकळा.

मोगऱ्याच्या मोत्यांचं प्रमाण?

150 मिलीला 3 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पहिलं पाणी फेकू नका, त्यात सगळ्यात जास्त सुगंध असतो. एक मिनिटाने गाळा. काचेच्या ग्लासात केलात तर मोती तळाशी जाऊन एकेक कोंब उलगडताना दिसतो, लहान मुलांना हे दाखवा.

चव कशी घ्यायची? मला तर गरम पाण्यासारखाच लागतो.

दूध-साखरेच्या दाट चहावर वाढलेल्या जिभेला आधी असंच वाटतं. तुमच्या जिभेत काही खोट नाही, ती फक्त जोराच्या चवीची वाट बघत असते. तिखट जेवणानंतर, पान-सुपारीनंतर किंवा कॉफीनंतर हा चहा घेऊ नका. सकाळी अकराची किंवा दुपारी चारची वेळ चांगली. चहा थोडा निवू द्या, जीभ भाजली की काही कळत नाही. आणि चक्क भुरका मारून प्या. चारचौघांत संकोच वाटेल, पण चहा पारखणारे असाच पितात. हवेबरोबर चहा टाळ्यावर पसरतो आणि वास मागून नाकात जातो. या चहाची निम्मी चव नाकातच आहे.

काय शोधायचं? ताज्या बाय मू दानमध्ये काकडीची साल, कलिंगडाच्या सालीजवळचा पांढरा भाग, ओल्या गवताचा आणि रानफुलांचा वास. सुयांमध्ये चिनी जाणकार ज्याला 'लवेचा सुगंध' म्हणतात तो एक मऊ, दुधाळ वास. कपात तरंगणारे बारीक पांढरे तंतू म्हणजे धूळ नव्हे, कळीवरची ती लवच. शोउ मेईत वाळलेला चारा, मध, सुकलेली बोरं. घोट गिळल्यावर लगेच दुसरा घेऊ नका. घशाच्या मागे हळूहळू गोडवा वर येतो का ते पाहा. तो चांगल्या चहात काही मिनिटं टिकतो. शेवटी रिकाम्या कपाचा वास घ्या, बुडाशी मधाचा वास धरून राहिलेला असतो.

चहाची परीक्षाच घ्यायची असेल तर पारखी लोकांची रीत वापरा: सुटा चहा 3 ग्रॅम, उकळतं पाणी 150 मिली, 5 मिनिटं. हा चहा आवडीने प्यायचा नसतो. पण असलेला प्रत्येक दोष, कडवटपणा, धुराचा वास, कुबटपणा, त्यात उघडा पडतो.

दूध घालता येईल का?

घालू नका. दुधातली प्रथिनं या चहाची चव पूर्ण गिळून टाकतात, आणि मग पैसे कशाला खर्च केले हा प्रश्न उरतो. साखरही नको. मुलांना थंड करून देताना थोडा मध चालेल.

उरलेल्या चोथ्यात काय बघायचं?

सगळं तिथेच बघायचं! गोळीची खरी अडचण ही की विकत घेताना आतलं दिसत नाही. बाहेरून दोन-चार चंदेरी कळ्या दिसतील अशा लावायच्या आणि आत चुरा भरायचा, हा जुना खेळ आहे. म्हणून पहिली गोळी संपली की चोथा पांढऱ्या ताटलीत पाण्यावर पसरा. अख्खे कोंब आहेत का, कळीला पानं अजून देठाशी जोडलेली आहेत का, रंग हिरवट-तपकिरी आणि जवळपास एकसारखा आहे का, बोटात दाबल्यावर पान लवचिक लागतं का? काळं पडलेलं, चिकट किंवा कितीही भिजलं तरी न उघडणारं पान म्हणजे माल भाजून किंवा ओलीत दडपून 'जुना' केलेला असण्याची शक्यता मोठी. मी कोणत्याही विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा या ताटलीवर विश्वास ठेवतो.

जुना पांढरा चहा चांगला असतो हे खरं का?

चव बदलते हे खरं. ताजेपणा, फुलांचा वास ओसरतो, रंग गवती पिवळ्यावरून तांबूस होतो, आणि खजूर, सुकं लाकूड, वाळल्या जडीबुटीचा वास येतो. फूदिंगकडे म्हणच आहे: पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध, सातव्या वर्षी खजिना. औषधाचा भाग अक्षरशः घेऊ नका. बाजारात '15 वर्षं जुना' म्हणून विकला जाणारा माल आणि त्या काळी प्रत्यक्षात निघालेला माल यांचा मेळ बसणं अवघड आहे, कारण पांढऱ्या चहाची मोठी लाट चीनमध्ये अलीकडची आहे, आणि पूर्वी हा चहा मुख्यतः निर्यातीला जात असे. तीन ते पाच वर्षांची शोउ मेईची गोळी घ्या, मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. पावसाळ्याच्या संध्याकाळी त्याला तोड नाही.

मग मी घरीच साठवून जुना करू का?

कोकणात आणि मुंबईत फार जपून. जून ते सप्टेंबरच्या हवेत उघडा राहिलेला चहा जुना होत नाही, खराब होतो. चीनमध्ये हा चहा जाड फॉइलची पिशवी, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि बाहेर खोका अशा तीन आवरणांत ठेवतात. तेच करा. लोट्यात, मातीच्या बरणीत ठेवू नका. फ्रिज नको, मसाल्याचं कपाट नको, उदबत्तीचा देव्हारा जवळ नको, कारण पान सगळे वास ओढून घेतं. रोजच्या वापराच्या गोळ्या वेगळ्या छोट्या डब्यात काढा, म्हणजे मोठी पिशवी दरवेळी उघडावी लागत नाही. पुणे-नाशिककडे पावसाळा सोडला तर काम सोपं आहे. मोगऱ्याचे मोती मात्र वर्षभरात संपवा, त्यांचा वास उडतो.

खरेदी करताना काय विचारायचं?

गाव, वर्ष, ऋतू आणि प्रत. 'फूजियान, फूदिंग, 2022, वसंत, बाय मू दान' एवढं सांगता आलं पाहिजे. नुसतं 'प्रीमियम चायनीज व्हाइट' म्हणजे काहीच नाही. भारतात रीतसर आयात झालेल्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक असतो, तो बघा. आयात शुल्क जबर असल्यामुळे हा चहा इथे स्वस्तात मिळणं कठीण, फारच स्वस्त दिसला तर थांबा. मोत्यांत उग्र, अत्तरासारखा वास पाकीट उघडताच अंगावर आला आणि दुसऱ्या काढ्यात पार नाहीसा झाला, तर तो फुलाचा नव्हे.

यात कॅफीन कमी असतं ना?

ही समजूत चुकीची आहे. कोवळ्या कळीत कॅफीन मोठ्या पानापेक्षा जास्त असतं. ज्यांना झोपेचा त्रास आहे त्यांनी संध्याकाळनंतर घेऊ नये. रक्त कमी असेल, लोहाच्या गोळ्या चालू असतील तर कोणताही चहा जेवणाच्या वेळेपासून दूर ठेवा, चहामुळे लोह कमी शोषलं जातं.

उपासाला चालतो का?

तुमच्या घरी उपासाला चहा चालत असेल तर हाही चालतो. गोळीत पानाशिवाय काही नसतं.

उन्हाळ्यात थंड करता येईल का?

फार छान होतो, पण गोळी थेट गार पाण्यात टाकली तर सकाळी तशीच सापडेल. आधी थोड्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं उघडू द्या, मग त्या पाण्यासकट एक लिटर गार पाण्यात घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

दार्जिलिंग किंवा निलगिरीचा पांढरा चहा घेतला तर?

जरूर घ्या. दोन्हीकडे चांगला पांढरा चहा होतो आणि ताजा मिळतो. झाडाचा वाण, हवा, माती वेगळी, त्यामुळे फूदिंगची लवदार, दुधाळ चव त्यात शोधू नका. वास जास्त फुलांचा, अंग हलकं. पाण्याचे आणि भांड्याचे सगळे नियम तेच.

एकच पाकीट घेऊन सुरुवात करायची तर कोणतं?

दोन-तीन वर्षांचा फूदिंगचा बाय मू दान, पाच-सहा गोळ्या. शक्य असेल तर त्याच वर्षाचा सुटा बाय मू दान 25 ग्रॅम सोबत मागवा आणि दोन वाट्यांत शेजारी शेजारी करा. सुट्यात सुगंध आधी येतो, गोळीत चवीला जाडी येते. त्यातलं तुम्हाला काय हवं ते दोन-तीन काढ्यांत कळतं, आणि पुढची ऑर्डर त्याप्रमाणे द्या.